फिलिपिन्सवरची स्पॅनिश छाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशियाच्या नकाशात फिलिपिन्स थोडा वाट चुकून आल्यासारखा वाटतो. आडनावं गार्सिया आणि रेयेस, प्रत्येक जुन्या गावाच्या मधोमध दगडी चर्च, सप्टेंबर लागला की नाताळची गाणी. आणि एवढं असून स्पॅनिश बोलणारा माणूस शोधून सापडत नाही. या देशाबद्दल बोलणं निघालं की जे प्रश्न हटकून येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखंच जास्त आहे.

स्पेनचं राज्य तिथे नेमकं कधी होतं?

ढोबळमानाने १५६५ ते १८९८, म्हणजे ३३३ वर्षं. फर्डिनांड मॅगेलन त्याच्याही आधी, मार्च १५२१मध्ये तिथे पोचला होता, पण राज्य करायला तो उरला नाही. सेबू बेटाच्या हुमाबोन राजाला त्याने बाप्तिस्मा दिला, त्याची बाजू घेऊन शेजारच्या माक्तान बेटावरच्या लापुलापुशी भांडण उकरून काढलं आणि २७ एप्रिलला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मारला गेला. ‘फिलिपिन्स’ हे नाव १५४३च्या मोहिमेत रुय लोपेझ दे विल्यालोबोसने दिलं, स्पेनचा युवराज फिलिप याच्यावरून. प्रत्यक्ष वसाहत वसवली ती मिगेल लोपेझ दे लेगास्पीने. १५६५मध्ये सेबूला पाय रोवले, १५७१मध्ये मनिला घेतलं आणि तिथे राजधानी नेली.

शेवट मात्र लाजिरवाणा झाला. स्पेनचं तेव्हा अमेरिकेशी युद्ध सुरू होतं, आणि १२ जून १८९८ला फिलिपिनो बंडखोरांचा नेता एमिलिओ आगिनाल्दो याने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. ऑगस्टमध्ये मनिला पडलं ते स्पॅनिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी आधी ठरवून केलेल्या लुटुपुटुच्या लढाईत. शहर फिलिपिनो सैन्याच्या हाती पडू नये एवढाच दोघांचा हेतू. डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन सगळा देश अमेरिकेच्या हवाली केला. त्या वाटाघाटींत एकाही फिलिपिनोला बसू दिलं नाही. खरं स्वातंत्र्य मिळायला १९४६ साल उजाडावं लागलं.

स्पॅनिश येण्याआधी तिथे काय होतं? नुसतं जंगल?

अजिबात नाही, आणि मराठी वाचकाला तर याचा एक पुरावा चक्क ओळखीचा वाटेल. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९मध्ये नदीच्या गाळात एक ताम्रपट सापडला. लिपी जावामधली जुनी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय. आणि सुरुवात कशी? ‘स्वस्ति’ म्हणून शके ८२२, वैशाख महिना, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगाच्या भाषेतच की! इसवी सनाप्रमाणे ते वर्ष ९०० येतं. मजकूर आहे तो एका कुटुंबाचं सोन्याचं कर्ज माफ केल्याचा दाखला, म्हणजे त्या काळचा बेबाकी दाखला म्हणा ना.

सांगायचा मुद्दा असा की लेगास्पी आला तेव्हा तिथली माणसं चीन, ब्रुनेई, मलाक्का यांच्याशी व्यापार करत होती, बायबायिन नावाच्या लिपीत लिहीत होती आणि मनिलाचे राजे मुसलमान होते. एक देश मात्र नव्हता. ‘बारांगाय’ नावाच्या छोट्या वस्त्या, प्रत्येकीचा आपापला दातू, म्हणजे प्रमुख. एकेकाला गाठून वश करणं त्यामुळेच सोपं गेलं.

स्पेन तर जगाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून राज्य कसं चालवलं?

१८२१मध्ये मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत स्पेनने थेट चालवलंच नाही, आपलीच वसाहत असलेल्या मेक्सिकोमार्फत चालवलं. ही गोष्ट लक्षात आली की बाकीची अर्धी कोडी आपोआप सुटतात.

आफ्रिकेला वळसा घालून येणारा सागरी मार्ग पोर्तुगीजांचा. म्हणून स्पॅनिश जहाजं मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरून प्रशांत महासागर ओलांडून येत. येणं सोपं होतं, परत जाणं कुणाला जमत नव्हतं. १५६५मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या पाद्र्याने, जो पूर्वी खलाशी होता, उत्तरेला जपानच्या अक्षांशापर्यंत चढून तिथले वारे आणि प्रवाह पकडले आणि जहाज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत खाली मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरात नेलं. त्यानंतर १८१५पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनिला आणि आकापुल्को यांच्यात वर्षाकाठी एखाद-दुसरं मोठं गलबत ये-जा करत राहिलं. इतिहासात याला मनिला गॅलिऑन म्हणतात.

मालाचं गणित साधं होतं. तिकडून मेक्सिको आणि पेरूची चांदी यायची, इकडून चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि भारतातलं सुती कापड जायचं. चीनला चांदी हवी होती आणि अमेरिकेतल्या श्रीमंतांना रेशीम. मनिलातले स्पॅनिश लोक मधले दलाल. जहाजातल्या जागेचे भाग पाडून त्याच्या चिठ्ठ्या वाटल्या जात. अधिकारी, विधवा, धर्मादाय संस्था, सगळ्यांचा त्यात वाटा. चिठ्ठी विकूनही पैसे मिळत. साहजिकच मनिलाचा गोरा माणूस शेती, कारखानदारी यांच्या वाटेला फारसा गेला नाही. वर्षातून एकदा जहाज सुखरूप पोचलं की झालं, आणि बुडालं की अर्ध्या शहराचं दिवाळं.

हे जहाज बांधायचं कुणी? स्थानिकांनी. वेठबिगारीला ‘पोलो’ म्हणत. धडधाकट पुरुषाला वर्षाला ४० दिवस राबावं लागे. डोंगरातून प्रचंड ओंडके ओढून आणणं हे त्यातलं सगळ्यात जीवघेणं काम. परतीचा प्रवास चार ते सहा महिन्यांचा, वाटेत स्कर्व्हीचा आजार आणि उपासमार. आकापुल्कोला उतरलेले कितीतरी फिलिपिनो खलाशी परत जहाजावर चढलेच नाहीत. ते मेक्सिकोतल्या कोलिमाच्या किनाऱ्यावर राहिले, माडाची ताडी काढायला त्यांनी मेक्सिकोला शिकवलं, आणि ‘तुबा’ या त्यांच्याच नावाने ती तिथे आजही विकली जाते.

एक गंमत. मेक्सिकोच्या बाजूने आल्यामुळे फिलिपिन्सचं कॅलेंडर जवळजवळ तीन शतकं अमेरिकेच्या तारखेने चालत होतं, म्हणजे शेजारच्या मकावपेक्षा एक दिवस मागे. १८४४ साली गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाने ३१ डिसेंबर ही तारीखच गाळून टाकली. सोमवारी ३० डिसेंबर, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार, १ जानेवारी १८४५.

मूठभर गोऱ्यांनी शेकडो बेटं ताब्यात ठेवली कशी?

पाद्र्यांच्या जिवावर. सैन्य थोडं, अधिकारी त्याहून थोडे, आणि मनिलाबाहेर राहायला तयार असलेला स्पॅनिश माणूस म्हणजे बहुतेक वेळा गावचा पाद्रीच. ऑगस्टिनियन संघाचे पाद्री १५६५मध्येच लेगास्पीबरोबर आले; मग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि रेकोलेक्ट संघांचे. त्यांनी प्रदेश आपसांत वाटून घेतले.

पहिलं काम केलं ते विखुरलेल्या वस्त्या एका जागी आणण्याचं. चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर ऐकू येईल तिथवर राहायचं, असा दंडक. चौक, त्याच्या एका अंगाला चर्च आणि पाद्र्याचं घर, समोर कचेरी, भोवताली प्रतिष्ठितांचे वाडे. जसजसं चौकापासून लांब जाल तसतशी माणसाची पत कमी. फिलिपिन्सची जुनी गावं अजून याच आराखड्यावर उभी आहेत.

दुसरं काम जास्त हुशारीचं होतं. त्यांनी लोकांना स्पॅनिश शिकवली नाही, आपणच तागालोग, सेबुआनो, इलोकानो या तिथल्या भाषा शिकले. १५९३मध्ये मनिलात छापलेल्या धर्मबोधाच्या पुस्तकात मजकूर स्पॅनिशमध्ये आहे आणि तागालोगमध्येही, आणि तागालोग तर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत. मुखी लोकभाषा ठेवून धर्म पोचवायचा, आणि सरकारी भाषेची किल्ली मात्र आपल्याच कमरेला. गावकऱ्याला सरकारशी बोलायचं तर मध्ये पाद्री हवाच. खानेसुमारी, कर, शाळा, गावच्या निवडणुका, सगळ्यांत त्याचा हात.

तिसरी गोष्ट विसरता कामा नये : जुने दातू यात सामील होते. त्यांना कर माफ, वेठबिगारी माफ, वर कर वसुलीचे अधिकार. सत्ता गेली पण पाटीलकी राहिली. ज्यांचं खरोखर सगळंच गेलं त्या होत्या ‘बाबायलान’, म्हणजे देवऋषीपण करणाऱ्या, आजार उतरवणाऱ्या बायका. पाद्र्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं.

म्हणजे सगळा देश ख्रिस्ती झाला?

नाही. दक्षिणेतल्या सुलू आणि मिंदानाओच्या मुसलमान सुलतानशाह्यांशी स्पेन शेवटपर्यंत लढत राहिलं आणि उत्तर लुझोनच्या डोंगरातल्या इगोरोत लोकांवरही त्याला नीट ताबा मिळाला नाही. २०२०च्या जनगणनेत सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आणि ६ टक्क्यांच्या वर मुसलमान आहेत. मिंदानाओचा आजचा प्रश्न समजून घ्यायचा तर ही रेघ कुठे ओढली गेली तिथूनच सुरुवात करावी लागते.

फिलिपिनो लोकांची आडनावं स्पॅनिश का? त्यांच्यात स्पॅनिश रक्त आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुसंख्यांच्या बाबतीत रक्ताचा काही संबंध नाही. आडनाव आलं ते सरकारी यादीतून.

बाप्तिस्म्यानंतर लोक आपल्या मनाने आडनाव घेत, आणि भक्तीपोटी जो तो ‘दे ला क्रूझ’ नाहीतर ‘दे लोस सांतोस’. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, आणि अर्ध्या गावाचं एकच. कर गोळा करणाऱ्यांच्या डोक्याला ताप. शेवटी २१ नोव्हेंबर १८४९ला वर सांगितलेल्या क्लावेरियानेच फतवा काढला आणि सुमारे ६१ हजार आडनावांची अकारविल्हे छापील यादी प्रांतोप्रांती धाडली. यादीत स्पॅनिश आडनावं होती, तशी स्थानिक भाषांतली झाडांची, भूगोलाची, गुणांची नावंही होती. ज्यांचं आडनाव चार पिढ्या चालत आलं होतं त्यांना ते ठेवायची मुभा. बाकीच्यांनी यादीतून उचलायचं.

मजा पुढे आहे. प्रांताच्या अधिकाऱ्याने यादीची पानं सुटी केली आणि गावागणिक वाटली. एखाद्या गावाच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली, तर गावातली झाडून सगळी आडनावं त्याच अक्षराची. आल्बाय प्रांतातलं ओआस हे गाव याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. तिथे ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांची रेलचेल आहे. माणसाचं आडनाव ऐकून गाव ओळखता येतं असं आल्बाय ज्यात येतो त्या बिकोल भागातले लोक सांगतात ते उगीच नाही. शाळामास्तरांनाही हुकूम होता : हजेरीपटावर नवं आडनाव लिहा, आणि पोरं एकमेकांना त्याच आडनावाने हाक मारतात ना ते बघा.

गोव्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. तिथेही धर्मांतराबरोबर फर्नांडिस, डिसूझा आले. पण तिथे ती बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून, एकेका घराला मिळत गेली. फिलिपिन्समध्ये धर्मांतर होऊन पाव सहस्रक लोटल्यावर महसूल खात्याच्या सोयीसाठी ती एका दमात वाटली गेली. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

मग ते स्पॅनिश का बोलत नाहीत?

कारण त्यांना कधी धड शिकवलीच नाही. सर्वांसाठी प्राथमिक शाळांचा हुकूम निघाला तो १८६३मध्ये, राजवट संपायला जेमतेम पस्तीस वर्षं उरली असताना. ती भाषा शहरी, सुखवस्तू घरांपुरतीच राहिली. मग अमेरिकन आले आणि त्यांनी गावोगाव इंग्रजी शाळा काढल्या. १९४५च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत जुना तटबंदीचा भाग, इंत्रामुरोस, बेचिराख झाला आणि स्पॅनिश बोलणारी मनिलातली उरलीसुरली घरंही उद्ध्वस्त झाली. कागदोपत्री ती १९८७च्या राज्यघटनेपर्यंत सरकारी भाषांत तग धरून होती.

पण शब्द? ते हजारोंनी राहिले. टेबल, खुर्ची, खिडकी, चमचा, बूट, आठवड्याचे वार, सगळे स्पॅनिश. आणि झांबोआंगा शहरात चावाकानो नावाची बोली आहे, जिचा शब्दसंग्रह बहुतेक स्पॅनिश आणि ठेवण स्थानिक. किल्ल्यातले शिपाई, मजूर आणि बायका यांच्या रोजच्या व्यवहारातून ती घडली. ती आजही घरात बोलली जाते, गाण्यांत आणि रेडिओवर ऐकू येते. गंमत म्हणजे सरकारने लादायचं मनावर घेतलं नाही ती भाषा मेली आणि कुणीच न शिकवलेली जगली.

फिलिपिनो जेवण स्पॅनिश म्हणावं का?

नावं स्पॅनिश, स्वयंपाक बराचसा घरचा. ‘आदोबो’चंच घ्या. कोंबडी किंवा डुकराचं मांस व्हिनेगर, लसूण, मिरी आणि तमालपत्र घालून आटवतात. उष्ण हवेत मांस टिकावं म्हणून व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत तिथे आधीपासून होती. स्पॅनिश लोकांना ती आपल्या आदोबोसारखी वाटली आणि त्यांनी नाव चिकटवलं. सोया सॉस आला चिन्यांकडून. आता या पदार्थाला कुणाचा म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मेक्सिकोकडून आलेला ऐवज मोठा आहे : मका, टोमॅटो, पपई, पेरू, अननस, शेंगदाणे, रताळी, कोको, तंबाखू. चिकूसुद्धा, तिथे त्याला ‘चिको’च म्हणतात. कोकोच्या भाजलेल्या बियांच्या वड्या करून त्या पाण्यात घोटून घट्ट चॉकलेट करायची पद्धत अजून आहे. त्याच चॉकलेटमध्ये चिकट तांदूळ शिजवला की ‘चांपोरादो’, पावसाळी सकाळची न्याहारी, आणि सोबत खारवलेला सुका मासा. गोडाबरोबर सुकट ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा खाऊन बघावं.

श्रीमंती पदार्थ मात्र खरेच स्पॅनिश वळणाचे : लेचे फ्लान (कॅरामेल कस्टर्ड), एन्सायमादा (गोड पाव), सणाचे मटणाचे रस्से. साध्या दिवशी भात-मासळी, सणाला स्पॅनिश, असा भेद अजूनही जाणवतो.

तिथले सण स्पेनमधल्यासारखेच असतात का?

सेबूचा सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशूची लाकडी मूर्ती, हे याचं उत्तम उत्तर. मॅगेलनने ती १५२१मध्ये हुमाबोनच्या राणीला भेट दिली. नंतर ४४ वर्षं एकही पाद्री तिथे नव्हता. १५६५मध्ये लेगास्पीच्या माणसांनी सेबूवर तोफा डागून वस्ती जाळली, तेव्हा एका घरात ती मूर्ती पेटीत जपून ठेवलेली सापडली. स्पॅनिशांनी चमत्कार मानला. मधल्या काळात सेबूचे लोक तिच्याकडे काय म्हणून बघत होते? पाऊस मागायला तिला समुद्रावर नेत, अशी परंपरा सांगितली जाते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या सिनुलोग उत्सवात भक्त दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असे नाचतात. देवापुढे नाचण्याची ही हौस स्पेनहून आलेली नाही.

मनिलाच्या कियापो भागातला काळा नाझरेनो, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूची काळी मूर्ती, मेक्सिकोहून आला. ९ जानेवारीला त्याचा रथ निघतो तेव्हा लाखो माणसं अनवाणी लोटतात आणि मूर्तीला रुमाल लावून घेण्यासाठी एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. पंढरपूर पाहिलेल्या माणसाला त्या गर्दीचं नवल वाटणार नाही. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस भल्या पहाटे होणारी ‘सिंबांग गाबी’ची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) शेतावर जाण्याआधी उरकावी म्हणून पहाटेची. बाहेर पडलं की वाफाळता तांदळाचा केक घेऊन उभ्या असलेल्या बायका. तरुण मुलं नेमकी कशासाठी उठतात हे सांगायला नको.

‘तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये’ हे खरं का?

अमेरिकन राजवटीसकट आपल्या सगळ्या इतिहासाबद्दल फिलिपिनो लोकच हे चेष्टेने म्हणतात. वाक्य झकास आहे, पण त्यात मठातल्या माणसांनी काय केलं ते येत नाही. इलोइलो प्रांतातल्या मियागाओच्या चर्चचा दर्शनी भाग पाहा. १७९७मध्ये पुरं झालेलं, किल्ल्यासारखं जाडजूड, पिवळसर दगडाचं बांधकाम. वर मध्यभागी बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर. युरोपात तो काठी टेकत जातो. इथे त्याने आधाराला धरलंय ते नारळाचं झाड, आणि आजूबाजूला पपई आणि पेरू. आराखडा पाद्र्याचा असेल, छिन्नी गावातल्या कारागिराची होती.

‘फिलिपिनो’ ही ओळख स्पेनने दिली की स्पेनविरुद्ध घडली?

दोन्ही, आणि त्यामुळेच ती गुंतागुंतीची आहे. आधी हा शब्द तिथे जन्मलेल्या गोऱ्यांसाठी होता. मूळ रहिवासी तो ‘इंदियो’, चिनी तो ‘सांग्ले’, मिश्र तो ‘मेस्तिसो’. कुणी किती कर भरायचा ते यावर ठरे.

एकोणिसाव्या शतकात बंदरं खुली झाली, साखर आणि आबाका (केळीच्या जातीच्या झाडाचा दोरखंडाचा धागा) विकून काही घरं सधन झाली, १८६९मध्ये सुएझ कालवा झाला आणि ही मुलं माद्रिदला शिकायला जाऊ लागली. त्याच सुमारास चर्चमध्ये कुरबुर पेटली : स्थानिक पाद्र्यांना चांगल्या परगण्यांपासून दूर ठेवलं जाई. १८७२मध्ये मनिलाजवळच्या काविते इथल्या शिपायांच्या बंडाचं निमित्त करून गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन पाद्र्यांना गळा आवळून जाहीर मृत्युदंड दिला. होसे रिझाल तेव्हा अकरा वर्षांचाही नव्हता.

तो पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ आणि १८९१ साली त्याने दोन कादंबऱ्या लिहिल्या, स्पॅनिशमध्ये. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यातल्या बहुतेकांना ती भाषा वाचता येत नव्हती. पण ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांना येत होती, आणि त्यांना ते चांगलंच झोंबलं. ३० डिसेंबर १८९६ला मनिलात त्याला गोळ्या घातल्या. शेवटची कविता त्याने कोठडीतल्या छोट्या स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती पोचवली, तीही स्पॅनिशच. दुसरीकडे हातात कोयता घेऊन उभं राहिलं ते आंद्रेस बोनिफासिओचं कातिपुनान, स्पेनविरुद्धची गुप्त संघटना. त्याचा जाहीरनामा, शपथ, पत्रव्यवहार, सगळं तागालोगमध्ये. स्वातंत्र्याचा कज्जा एका भाषेत मांडला गेला आणि लढाई दुसऱ्या भाषेत झाली. कोण मोठा, रिझाल की बोनिफासिओ, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर वर्गाचा वाद आहे तो, नावं फक्त या दोघांची.

घटस्फोटाला बंदी ही स्पेनची देणगी ना?

अर्धवट. व्हॅटिकन सोडलं तर सर्वसाधारण घटस्फोटाचा कायदा नसलेला हा एकमेव देश, हे खरं. पण अमेरिकन काळात १९१७च्या कायद्याने घटस्फोट मिळत होता. तो बंद केला स्वतंत्र फिलिपिन्सच्या १९५०च्या नागरी संहितेने. मुसलमानांसाठी वेगळा कायदा आहे. प्रत्येक गोष्ट वसाहतीच्या खात्यावर मांडली की आपल्या लोकांनी घेतलेले निर्णय झाकले जातात.

आणि जमीनदारी?

इथे मात्र हिशेब जुना आहे. पाद्र्यांच्या संघांकडे मनिलाभोवतीची उत्तम भातशेती होती आणि कसणारे कुळं. रिझालचं कुटुंबही कालांबा गावात डोमिनिकन संघाचं कूळ होतं. जमिनीच्या खंडावरून भांडण होऊन त्यांना घराबाहेर काढलं गेलं. अमेरिकेने नंतर या जमिनी सत्तरेक लाख डॉलरना विकत घेतल्या, पण पुढे त्या बऱ्याचशा गेल्या ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडेच. नेग्रोस बेटावरचे उसाचे प्रचंड मळे तर एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, बहुतेक चिनी-मेस्तिसो घराण्यांचे. आजच्या राजकारणातली कितीतरी घराणी याच मातीतली.

यात महाराष्ट्र-गोव्याचा काही संबंध येतो का?

येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचं राज्यही स्पेनच्या राजाकडे होतं. म्हणजे साठ वर्षं गोवा, वसई, चौल आणि मनिला यांचा धनी एकच. वसईचा गोन्सालो गार्सिया याच काळातला. आई वसईची, वडील पोर्तुगीज. जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. १५९३मध्ये मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळात तो दुभाष्या होता. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तोही होता. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईकडे त्याचा सण आजही साजरा होतो.

पोर्तुगीजांनी भारतातून नेलेली एक गुलाम मुलगी मनिलाच्या बाजारात विकली गेली आणि गॅलिऑनवरून मेक्सिकोला पोचली. कातारिना दे सान हुआन या नावाने ती पुएब्ला शहरात जगली आणि १६८८मध्ये वारली. लोक तिला संत मानू लागले, तशी चर्चच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) तिच्या चित्रांवर बंदी घातली.

१७६२मध्ये इंग्रजांनी मद्रासहून सैन्य नेऊन मनिला काबीज केलं आणि १७६४मध्ये परत केलं. त्या सैन्यातले काही भारतीय शिपाई मनिलाजवळच्या काइंता गावात राहून गेले. आणि घरांचं म्हणाल तर गोव्यातल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लावलेल्या असतात ना, तशाच चकत्या फिलिपिन्सच्या विगान शहरातल्या वाड्यांना आहेत. तिथे त्यांना ‘कापिझ’ म्हणतात.

मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी मिंदानाओतल्या दावाओला जातोय. यातलं काय कामाला येईल?

वाटतं त्यापेक्षा बरंच. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिकडे शिकतात, म्हणून हा प्रश्न येतोच. बाजारात किंमत आणि वेळ स्पॅनिश आकड्यांत सांगतात : ‘बेंते’ म्हणजे वीस, ‘सिंक्वेंता’ पन्नास, ‘आलास ओत्सो’ म्हणजे आठ वाजता. एक ते वीस आणि पुढचे दहांचे आकडे पाठ करून गेलं तर पहिल्याच आठवड्यात फरक पडतो. दावाओत रोजची बोली सेबुआनो. मनिलात आदराने वाक्याला जोडतात तो ‘पो’ तिथे फारसा चालत नाही. पवित्र आठवड्यात, विशेषतः गुरुवारी आणि गुड फ्रायडेला, दुकानं आणि गाड्या बऱ्याच बंद असतात. किराणा आधी भरून ठेवावा.

आणि अर्ज भरताना मधल्या नावाची जागा जपून भरावी. आपण तिथे वडिलांचं नाव लिहितो. तिथे ती जागा आईच्या माहेरच्या आडनावाची. स्पॅनिश पद्धतीत बापाच्या आडनावामागून आईचं येई, अमेरिकन काळात ते मध्ये सरकलं. पासपोर्टावर जसं आहे तसंच लिहावं, आणि कारकुनाने विचारलं तर ते वडिलांचं नाव आहे हे तिथल्या तिथे सांगून टाकावं.